माळवद, मोरी आणि मळा

तीन मीटर रुंद आणि चार मीटर लांब अशी एक साधी माळवदी खोली घ्या. तिच्या डोक्यावर दीड फूट जाडीचा मातीचा थर आहे असे धरा. हिशेब केला तर त्या मातीचे वजन आठ ते नऊ टन भरते. एक भरलेला मालट्रक छतावर उभा करावा तसे हे ओझे, आणि ते पेलतात काय, तर चार लाकडी खांब, दोन तुळया आणि वरचा कडीपाट. मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्या या ओझ्याखाली जन्मल्या, वाढल्या, उन्हाळ्याच्या दुपारी गारव्याला निजल्या. हे घर म्हणजे कारागिरीचे खरोखर मोठे आश्चर्य आहे. त्याच घराने १९९३ साली हजारो माणसांना गाडलेही.

अशी जुनी घरे न पाडता बळकट कशी करायची? आणि बळकट करता करता त्यांच्या अंगणात, छतावर, मोरीच्या पाण्यावर वर्षभराची भाजी कशी पिकवायची? पहिला प्रश्न अभियंत्याचा वाटतो आणि दुसरा शेतकऱ्याचा. पण घर एकच, त्यात राहणारे कुटुंब एकच आणि त्या घरात येणारे पाणीही एकच. म्हणून ही दोन कामे वेगवेगळ्या फायलींत ठेवता येत नाहीत. ती एकत्र चालवण्याचे एक शास्त्र आहे. त्यातला मोठा वाटा मराठवाड्यानेच, फार मोठी किंमत मोजून, शिकून ठेवलेला आहे.

परभणी जिल्ह्यातले सेलू डोळ्यांसमोर ठेवून हे शास्त्र समजून घेणे सोपे जाते. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. केशवराज बाबासाहेब महाराजांचे मंदिर, नूतन विद्यालयासारखी जुनी शिक्षणसंस्था, तालुक्यात दुधना नदीवर ब्रह्मवाकडी येथे झालेला निम्न दुधना प्रकल्प, आणि चहूबाजूंनी काळीभोर जमीन. अशा गावात तीन प्रकारची घरे एकाच गल्लीत भेटतात: दगडमातीचे माळवद, विटांच्या भिंतींवर टाकलेले पत्रे आणि सिमेंटचा स्लॅब. तिन्हींची दुखणी वेगळी, आणि तिन्हींना पेलणारी बागही वेगळी.

पांढरीचे घर, काळीचे शेत

मराठवाड्याचा गाव दोन मातींवर उभा असतो. घरे पांढरीत, शेते काळीत. ही वाटणी परंपरेने झाली असली तरी तिच्यामागे चोख निरीक्षण आहे. पांढरी माती दाबून बसवली की पाणी सहजी आत घेत नाही, म्हणून ती छतावर. काळी माती पाणी पिते, फुगते आणि महिनोन् महिने ओल धरून ठेवते, म्हणून ती पिकाला.

माळवद गळायला लागले की उपाय ठरलेला: मृगाच्या आधी पांढरीचा आणखी एक थर चढवायचा. गळती थांबते, पण वजन वाढते. आजोबांनी एक थर टाकलेला असतो, वडिलांनी दुसरा, मुलाने तिसरा. असे करत काही घरांवर दोन-अडीच फुटांपर्यंत माती साचते. खालच्या तुळया मात्र आजोबांच्याच असतात.

भिंतींची गोष्टही अशीच. बाहेरून पाहिले तर दोन-तीन फूट जाडीची भक्कम दगडी भिंत. प्रत्यक्षात त्या दोन पातळ भिंती असतात, एक बाहेरची आणि एक आतली. मधल्या पोकळीत बारीक दगड आणि चिखल भरलेला असतो. या दोन पापुद्र्यांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतो, कारण तेवढा लांब दगड घडवणे खर्चाचे काम. वरून पाणी झिरपले की मधला चिखल सैल होतो आणि भिंत पोटातून फुगू लागते. पोट सुटलेली भिंत गावात सगळ्यांना ओळखता येते. ती का फुगली हे मात्र भिंत उघडल्याशिवाय दिसत नाही.

३० सप्टेंबर १९९३ नंतर

अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे असताना लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जाड दगडी भिंती सांधे सोडून फुटल्या आणि माळवदाची माती खाली कोसळली. अभ्यासकांना एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसली. भिंती ढासळूनही कित्येक घरांतला लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळयांचा खण, जागच्या जागी उभा होता. याचा अर्थ सगळेच घर दोषी नव्हते. दोष कुठे होता हे नेमके सांगता येत होते, आणि जे नेमके सांगता येते ते दुरुस्तही करता येते.

पुढे महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम हाती घेतला. त्याचे तीन भाग होते. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची. काही गावे आहे तिथेच नव्याने बांधायची. आणि तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या सुमारे अडीच हजार गावांतल्या, जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण करायचे. छायाचित्रे पहिल्या भागाची छापून आली. शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिसऱ्या भागात आहे, कारण तिथे ठेकेदार नव्हता. घरमालकाशी करार, हप्त्याहप्त्याने पैसे, अभियंत्याचा सल्ला आणि काम घरच्यांच्या देखरेखीखाली, अशी त्याची रचना होती.

दोन लाख घरे म्हणजे दोन लाख वेगवेगळे प्रश्न. प्रत्येक घराची भिंत निराळी, भाऊबंदकी निराळी, ऐपत निराळी. अशा कामात तंत्रज्ञान जेवढे महत्त्वाचे, तेवढाच लोकांचा विश्वास महत्त्वाचा ठरतो. अनेक कुटुंबांनी जुन्या घराला बळकटी देण्याऐवजी मिळालेल्या पैशांत शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. दगडी भिंतीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. दगडाची भिंत सुरक्षित होऊ शकते, हे कागदावर सांगून कुणाला पटत नव्हते. ते डोळ्यांसमोर करून दाखवावे लागत होते. अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई यांनी भूकंपानंतर लातूर भागात जुन्या घरांच्या बळकटीकरणाचे काम गवंड्यांसोबत केले आणि पुढे कच्छपासून हिमालयापर्यंत तेच ज्ञान नेले.

आरपार दगड

या तंत्रातली एक कृती जवळून पाहण्यासारखी आहे. तिला फार यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो सावध हात.

गवंडी आधी भिंतीवरचा गिलावा एका जागी खरवडतो. एक सैल दगड हेरतो आणि पहारीच्या टोकाने, शेजारचे दगड न हलवता, अलगद बाहेर काढतो. मग आतला चिखल आणि चिपा हाताने उकरत उकरत पलीकडच्या बाजूपर्यंत जातो. साधारण तीन इंचांचे आरपार भोक तयार होते, दोन्ही तोंडांना रुंद आणि मध्ये अरुंद. त्यात दोन्ही टोकांना वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. त्यावर किमान दहा दिवस पाणी मारायचे. झाला आरपार दगड. बाहेरची आणि आतली भिंत आता एकमेकींना धरून राहते. असे जोड भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरला साधारण एक, तेही सरळ रांगेत न घेता आडवे-तिरके विखरून घ्यायचे.

दुसरी कृती दारे-खिडक्यांच्या वरच्या बाजूने सबंध घराभोवती फिरणाऱ्या पट्ट्याची. भिंतीवर जाळी ठोकून तिच्यावर सिमेंटचा जाड गिलावा केला की चारही भिंती एका पट्ट्यात येतात आणि कोपरे उलत नाहीत. तिसरी कृती खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरप्या आधाराची. आणि चौथी, सर्वांत स्वस्त पण मनाला सर्वांत जड वाटणारी: माळवदावरची जादा माती उतरवणे. थर आठ इंचांवर आणला, खाली पाणी अडवणारा प्लास्टिकचा कागद अंथरला आणि पन्हाळीकडे नीट उतार दिला, तर गळतीही थांबते आणि आपल्या त्या खोलीवरचे चार-पाच टन वजन एका दिवसात उतरते.

इथेच पहिला नियम पक्का होतो. माळवदावर बाग करायची नाही. जिथे माती उतरवण्यासाठी एवढी धडपड करायची, तिथे कुंडीही चढवू नये. माळवदी घराची बाग अंगणात आणि परसातच.

संवाद सहायक

बळकटीकरणाच्या या कार्यक्रमात एक निर्णय असा झाला, ज्याची फळे तीस वर्षांनंतरही दिसतात. गाव आणि शासन यांच्यातला दुवा म्हणून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतल्या बाराशेहून अधिक गावांत काम मिळाले. गावोगावी ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. त्या गावातल्याच स्त्रिया होत्या.

आजवर ज्यांना घराच्या बांधकामाबद्दल कुणी विचारले नव्हते, त्या बायका घरोघर जाऊन भिंतींच्या भेगा पाहू लागल्या. कोणाला किती मदत मिळणार, हप्ता का अडला, गवंड्याने आरपार दगड घातला की नुसताच गिलावा केला, हे विचारू लागल्या. बांधकामाच्या तपासणीची भाषा त्यांनी आत्मसात केली. भूकंपाचे काम संपले तेव्हा या महिला मंडळांतून बचत गट उभे राहिले. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या बायका तिकडे गेल्या आणि आपल्या अनुभवाच्या बळावर तिथल्या बायकांशी बोलल्या.

आणि मग गोष्टीने असे वळण घेतले की घर आणि शेती एका धाग्यात आली. मराठवाड्यात दुष्काळ एकामागून एक येत गेले. सोयाबीन, कापूस, ऊस या नगदी पिकांत घरच्या ताटातली भाजी आणि डाळ हरवली होती. याच संस्थेच्या कामातून स्त्रियांनी घरच्यांकडे अर्धा ते एक एकर जमीन मागितली. सगळी नको, एवढीच. तिच्यात काय पेरायचे ते त्या ठरवणार. भाजीपाला, कडधान्ये, भरडधान्ये असे मिश्र पीक, कमी पाणी, घरचे खत. आधी घरात पोटभर आणि उरले तर बाजारात. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा ‘इक्वेटर पुरस्कार’ मिळाला.

भिंत तपासायला शिकलेल्या गावांतून पीक ठरवणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या. हा केवळ योगायोग नव्हे. घर रोज कोण चालवते, पाणी कोण भरते, भाजी कोण निवडते, गळणाऱ्या छताखाली भांडी कोण मांडते, याचे उत्तर एकच असते. त्या व्यक्तीच्या हाती निर्णय आला की बांधकाम आणि बाग ही दोन खाती आपोआप एकत्र येतात.

छताला किती पेलते?

अंगण नसलेल्या घरांनी काय करावे? याचे उत्तर मुंबईने शोधले. वांद्र्याच्या डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या १२०० चौरस फुटांच्या गच्चीवर उसाचे चिपाड, कंपोस्ट आणि अगदी थोडी माती एवढ्यावर पिंपांत आणि पिशव्यांत भाज्या-फळे घेऊन दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात काम करणाऱ्या प्रीती पाटील यांनी २००२ साली त्याच स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू केली. रोज निघणारा भाजीचा कचरा बाहेर फेकायचा नाही, तो तिथेच जिरवायचा. कचऱ्याचे खत झाले, खतावर झाडे आली आणि गोदीच्या गजबजाटात सुमारे तीन हजार चौरस फुटांचे हिरवे छत उभे राहिले. या सगळ्या प्रयोगांच्या मुळाशी कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर यांचा ‘प्रयोग परिवार’ आहे. गणिताचे हे प्राध्यापक. अवघ्या दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचा उदरनिर्वाह कसा होईल, याचे गणित त्यांनी मांडले, आणि ते सोडवण्यासाठी झाडाच्या पानाला किती ऊन मिळते इथपासून सुरुवात केली.

आता हिशेब पाहू. माणसांचा वावर असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानकात धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. सहा इंच जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोंच्या पुढे जातो. म्हणजे शेतातली माती उचलून स्लॅबवर अंथरली की मर्यादा ओलांडलीच. तेवढ्याच जाडीचा पालापाचोळा, नारळाचा भुसा आणि कंपोस्ट यांचा थर मात्र ओला असतानाही याच्या निम्म्याहून कमी भरतो. म्हणून स्लॅबवरच्या बागेत माती चवीपुरती, आणि मोठी पिंपे नेहमी भिंतीच्या किंवा बीमच्या डोक्यावर.

बाग चढवण्याआधी स्लॅबची परीक्षा घ्यावी लागते. नव्या स्लॅबवर पाणी साठवण्यासाठी गवंडी मसाल्याचे छोटे बांध घालतात. तसेच बांध जुन्या स्लॅबवर घालायचे आणि दोन-तीन दिवस पाणी भरून ठेवायचे. खाली ओल दिसली तर आधी भेग, मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, मग बाग. हा क्रम उलटला तर दोन वर्षांनी सगळ्या कुंड्या उतरवून कोबा फोडावा लागतो, आणि एकदा उतरलेली बाग सहसा पुन्हा चढत नाही.

पत्र्याच्या घराला वजन अजिबात सोसत नाही, पण त्यालाच बागेची गरज सर्वांत जास्त. परभणीकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्रा भट्टीसारखा तापतो. इथे उपाय मांडवाचा. घराच्या भिंतींना न जोडता, जमिनीत रोवलेल्या खांबांवर, पत्र्याच्या फूटभर वर बांबूचा मांडव घालायचा आणि त्यावर दोडका, दुधी, कारले, घेवडा चढवायचा. पत्रा आणि वेल यांच्या मधून वारा खेळतो, पत्र्यावर सावली राहते आणि वेलाचा भार पत्र्यावर पडत नाही.

पाण्याचा एकच नकाशा

या संपूर्ण कामातला सर्वांत मोठा तंटा अभियंता आणि माळी यांच्यात होतो, आणि तो पाण्यावरून होतो. एकाला घरापासून पाणी दूर हवे, दुसऱ्याला ते घराजवळ हवे.

काळ्या जमिनीत हा तंटा विशेष धारदार होतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. आता समजा, घराच्या एका भिंतीला लागून कुणी भाजीचा वाफा केला आणि त्याला रोज पाणी दिले. त्या बाजूची माती बारमाही फुगलेली राहते आणि समोरच्या बाजूची वैशाखात आकसते. घराचा पाया एका बाजूने उचलला जातो आणि दाराच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर चढते. लोक म्हणतात, भिंत कमजोर होती. खरे तर बाग चुकीच्या जागी होती.

यावरचा उपाय साधा आहे. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशीची पट्टी करायची आणि वाफे भिंतीपासून चार-पाच फूट लांब ठेवायचे. मोठी झाडे त्याहून दूर. मोरीचे पाणी नळीतून त्या पट्टीच्या पलीकडे न्यायचे. म्हणजे कुदळ मारण्याआधी एका कागदावर पाण्याचा पूर्ण प्रवास काढायचा: छतावरून पन्हाळीत, पन्हाळीतून टाकीत, टाकीतून घरात, घरातून मोरीत, मोरीतून गाळणीत, गाळणीतून वाफ्यात, आणि उरलेले शोषखड्ड्यात. अभियंता, गवंडी, नळकाम करणारा आणि बाग करणारी, या चौघांनीही याच एका कागदावर बोट ठेवून बोलायचे.

हे पाणी पुरते का? शंभर चौरस मीटर छतावर वर्षाला ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर ८० हजार लिटर पाणी उतरते. वाया जाणारे वजा केले तरी ६० हजारांच्या घरात हाती राहते. पण ते येते चार महिन्यांत आणि लागते बारा महिने. म्हणून उन्हाळ्याची मदार मोरीच्या पाण्यावर. पाच माणसांच्या घरातून अंघोळ, धुणीभांडी आणि स्वयंपाकाचे दीडशे ते दोनशे लिटर पाणी रोज बाहेर पडते. एप्रिल-मेच्या उन्हात भाजीच्या वाफ्याला चौरस मीटरमागे सात-आठ लिटर पाणी लागते. म्हणजे वीस चौरस मीटरची बाग मोरीच्या पाण्यावर कशीबशी पण नक्की जगते. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच मराठवाड्यात हा हिशेब मांडतो आहोत, हे लक्षात घेतले तर मोरीच्या पाण्याची खरी किंमत कळते.

साबणाचे पाणी जपून वापरावे लागते. काळी जमीन आधीच अल्कधर्मी. तिच्यात धुण्याच्या पावडरीतला सोडियम साचत गेला की ती आणखी घट्ट होते. म्हणून पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून न्यायचे आणि ते केळी, अळू, पपई, शेवगा यांच्या मुळाशी द्यायचे. आपल्या आज्यांनी मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावली ती अगदी योग्य जागी लावली होती. कच्ची खायची कोथिंबीर, मुळा, मेथी यांना साठवलेले पावसाचे पाणी. आणि सगळे वापरूनही जे उरते, त्याची वाट नांदेड जिल्ह्याने दाखवली आहे. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघडी गटारे बंद केली आणि डासांचा त्रास हटवला. पुढे हा ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून राज्यभर पाहिला गेला.

परभणीचीच भेंडी

बियाणे शोधायला सेलूकराला लांब जावे लागत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, आजचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथे जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी ‘परभणी क्रांती’ ही भेंडीची जात घडवली. पिवळ्या शिरांच्या विषाणूरोगाने भेंडीची पाने हळदीसारखी होऊन पीक हातचे जात असे. या संशोधकांनी ‘पुसा सावनी’ या भेंडीच्या जातीचा संकर तिच्या एका रोगप्रतिकारक रानटी भावंडाशी केला आणि पिढ्यान् पिढ्या निवड करत रोगाला दाद न देणारी, खायला उत्तम अशी जात मिळवली. देशभरच्या शेतांत ही भेंडी गेली. परसबागेत अशा जातीचे महत्त्व आणखी मोठे, कारण घराशेजारी, मुलाबाळांच्या हाताशी फवारणी नको असते, आणि रोगाला टिकणारी जात ही फवारणी टाळण्याची पहिली पायरी.

वाफ्यांची आखणी ताटाकडे पाहून करायची. एक वाफा पालेभाज्यांचा, एक फळभाज्यांचा, एक कंदांचा, कुंपणावर वेल आणि कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू. ग्रामीण उपजीविकेच्या ‘उमेद’ अभियानाच्या पोषण परसबागांनी गावोगावच्या बचत गटांना हीच घडी घालून दिली आहे. मेथी-पालक महिन्याभरात हाती येतो, शेवगा वर्षभराने. घरच्यांचा उत्साह टिकवण्यासाठी पहिल्या महिन्यात ताटात काहीतरी यायलाच हवे.

कामाचे पंचांग

इतके हात, इतक्या विद्या. मग कोणते काम केव्हा? सेलूसारख्या गावात याचे वेळापत्रक कार्यालयाच्या आर्थिक वर्षावर बसत नाही. ते हंगामावर बसवावे लागते.

दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कापसाची वेचणी. या काळात बायका शेतात असतात. तेव्हा बैठक बोलावली तर खुर्च्यांवर फक्त पुरुष येतील आणि निर्णय अर्धवट होतील. म्हणून घरांची पाहणी आणि पाण्याचा नकाशा संक्रांतीनंतर. लगेच थंडी सरायच्या आत सिमेंटची कामे: आरपार दगड, भिंतींचे पट्टे, कोबा. तेव्हा विहिरींना पाणी असते, ऊन कोवळे असते, सिमेंट मुरते. होळीनंतर नळ, गाळणी आणि शोषखड्डा. वैशाखात, पावसाची भीती नसताना, माळवदाची जादा माती उतरवणे, छताचे उतार दुरुस्त करणे आणि मांडव उभारणे. त्याच वेळी अंगणात कंपोस्टचा खड्डा मुरत असतो. आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, वाफ्यात बी पडते. पहिला पाऊस येतो तेव्हा दुरुस्त झालेल्या छताची आणि नव्या बागेची परीक्षा एकाच दिवशी होते.

या साखळीत एक कडी घसरली की पुढच्या सगळ्या घसरतात. कोबा लांबला तर तो पाण्याच्या टंचाईत, कडक उन्हात करावा लागतो आणि तडकतो. माती उतरवणे लांबले तर पाऊस गाठतो. म्हणून प्रकल्प चालवणाऱ्याने सर्वांत आधी गवंडी बांधून घ्यावेत आणि त्यांना शिकवावे. चांगला प्रशिक्षित गवंडी गावात राहतो. सल्लागार परत जातो.

पैशाचे हप्तेही याच क्रमाला जोडलेले हवेत. भिंत झाल्यावर एक, छताची पाण्याची परीक्षा उतरल्यावर दुसरा, बाग सुरू झाल्यावर तिसरा. किल्लारीनंतरच्या कार्यक्रमाने दाखवून दिले की टप्प्याटप्प्याने दिलेला पैसा आणि गावातल्याच माणसांनी केलेली तपासणी यांची जोडी असली, तर दोन लाख घरांएवढा पसाराही आवाक्यात येतो.

पूर्णत्वाचा दाखला

शेवटी एक आग्रहाची मागणी. सरकारी असो की संस्थेचा, अशा प्रकल्पाचा पूर्णत्वाचा दाखला रंगरंगोटी झाल्यावर लगेच देऊ नये. एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्यावा. पावसाळा छत आणि भिंत तपासतो, उन्हाळा पाणी आणि बाग तपासतो. दोन्ही ऋतूंतून घर कोरडे आणि बाग हिरवी निघाली, तरच काम पुरे झाले असे मानावे.

त्या दाखल्यावर अभियंत्याच्या सहीशेजारी त्या घरच्या बाईची सही असावी. जी भिंत पाहते, जी पाणी वळवते, जी भेंडी खुडते, तिला वाटेल तेव्हाच काम झाले. संवाद सहायकांच्या हाती तपासणी देऊन मराठवाड्याने हे तीस वर्षांपूर्वी एकदा करून पाहिले आहे. नगर परिषद, कृषी विद्यापीठ, बचत गट आणि गवंडी हे चारही घटक सेलूच्या हाताशी आहेत. त्यांना एका नकाशावर आणि एका पंचांगावर आणणे, एवढेच काम बाकी आहे, आणि ते आपल्याच आवाक्यातले आहे.